कंपनीची बाजू

बारा ऑक्टोबर. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जर्मनची पुस्तकं काढली आणि दमट कागदाचा वास नाकात गेला. पनवेल स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत आमचा वर्ग भरे. ऑफिस सुटल्यावर मी तिथे पोचे तेव्हा डोळे मिटत असत, आणि खालून तळणाचा वास येई. वरच्या पातळीला धंदा आणि नीतिमत्ता असे विषय असत. वादात कोणी कोणती बाजू घ्यायची ते बाई ठरवत. पटो न पटो, तीच मांडायची. माझ्या वाट्याला आलं, कामगारकपात योग्यच आहे. आमच्या ह्यांना तळोज्याच्या कंपनीने त्याच महिन्यात काढलं होतं. परीक्षा पास झाले तरच मला भाषांतराची पक्की नोकरी मिळणार होती, म्हणून मी विषय बदलून मागितला नाही. घरी भाजी चिरताना मुद्दे जुळेनात. "कुठे अडलीस?" ह्यांनी विचारलं. विषय ऐकून म्हणाले, "लिही. ऑर्डरी घटल्या. थोडे काढले नाहीत तर सगळेच बुडतील. साहेबांनी आम्हाला हेच सांगितलं, वर चहा पाजून." मी तेच वर्गात जर्मनमध्ये मांडलं. "अगदी पटलं!" बाई म्हणाल्या. घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "जिंकलीस?" "जिंकले." "मग साहेबांचं बरोबरच होतं म्हणायचं," असं हसून म्हणाले आणि न जेवता आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला दांडी मारली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुकानोदुकानी त्यांच्यासाठी काम विचारत फिरले. बोलत मीच होते.