आर्डिसचे दहा तास

आर्डिस क्वामेनबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. माझ्याहून बरा लिहिणारा सापडला असता तर मी सुटलो असतो. मी लिंडाल कॉलेजात चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण प्रयोगवहीपलीकडे माझ्या हातून फारसं काही लिहून झालेलं नाही. मात्र त्या शुक्रवारी मी तिच्या बसमध्ये होतो, आणि अगदी तिच्या पाठीमागच्या सीटवर होतो. एवढ्याच अधिकारावर लिहितो आहे.

आर्डिस एकतीस वर्षं आमच्या कॉलेजची बस चालवत होती. उंचीनं एवढीशी. खेळाडूंच्या जुन्या जर्सी शिवून केलेल्या उशीवर बसायची, तेव्हा कुठे तिला समोरचा रस्ता नीट दिसायचा. आमच्या आयोवा राज्यातली गावं ती तिथल्या स्वच्छतागृहांवरून ओळखायची. "ते गाव? नको. तिथं कडी लागत नाही," असं म्हणून सरळ पुढे जायची. बुटांचा बर्फ झटकल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा कॉलेजच्या अध्यक्षांना तिनं पायरीवरून परत खाली उतरवलं होतं.

आमची आठ छोट्या कॉलेजांची कॉन्फरन्स. आपापसांत सामने खेळायचे, वर्षाअखेरीला एक ढाल द्यायची, एवढाच कारभार. त्यातलं एक कॉलेज बंद पडलं आणि आम्ही सात उरलो. सात म्हणजे दर शनिवारी एक संघ घरी बसणार. आठवं कॉलेज शोधायला पाचजणांची समिती नेमली गेली. तिचे प्रमुख आमचे क्रीडासंचालक वेन्डेल ब्रॉकहॉफ. प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मीही त्यात होतो. मिटिंगमध्ये मी गप्प बसतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळेच बहुधा.

दोन अर्ज आले होते. केटलर कॉलेज सत्तर मैलांवर. जुनं व्यायामगृह, वाफेचे नळ धडधड वाजतात, आणि गुणफलकाचे काही दिवे गेल्यामुळे पाहुण्यांचा आठ सहासारखा दिसतो. दुसरं सेंट ऑल्ड्रिक, तीनशे मैलांवर. नवंकोरं क्रीडागृह, प्रेक्षकांना गाद्यांच्या खुर्च्या. आमची समिती आदल्या मे महिन्यात वेन्डेलच्या गाडीतून दोन्हीकडे जाऊन आली होती. मे महिन्यात हिरवळ इतकी सुंदर असते की कुठलंही कॉलेज घ्यावंसं वाटतं. त्या गाद्यांच्या खुर्च्या मला फार आवडल्या होत्या, हे कबूल करतो.

पण सेंट ऑल्ड्रिक आलं असतं तर आमचं कॉलेज स्वतःची बस विकून टाकणार होतं. लांबच्या प्रवासांसाठी दोन-दोन ड्रायव्हर देणाऱ्या मोठ्या कंपनीशी करार करायचं ठरत आलं होतं. त्यात आर्डिसला जागा नव्हती. तिला एकसष्टावं लागलं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "वेन्डेल, मे महिन्यात गाडीतून गेलात ते ठीक. आता फेब्रुवारीत बसमधून चला. पोरींबरोबर."

वेन्डेलनं मान्य केलं आणि सेंट ऑल्ड्रिकशी मुलींच्या बास्केटबॉलचा मैत्रीचा सामना ठरवला. शुक्रवारी सकाळी अकराला.

पहाटे पाचला निघायच्या आधी पायरीपाशी झालेलं बोलणं मी ऐकलं.

"जायला पाच तास दहा मिनिटं, यायला तेवढीच," आर्डिस म्हणाली. "कायद्यानं मला दहा तासच चालवता येतं. दुसरा ड्रायव्हर घे."

"अगं, मी साडेचार तासांत गेलो होतो!"

"तू गाडीतून गेलास. ही बस बासष्ट मैलांच्या वर जात नाही, वेगाला कुलूप आहे तिला."

"येताना उतार असेल," वेन्डेल हसत म्हणाला आणि आत चढला.

"बूट!" आर्डिस ओरडली. तो खाली उतरला, बूट झटकले आणि पुन्हा चढला.

आठ वाजता मी तीन मुलींना प्रश्नपत्रिका दिल्या. त्यांची माझ्याच विषयाची परीक्षा होती. प्रवासात असलेल्या खेळाडूंनी वर्गाच्या वेळेलाच, कुणाच्या तरी देखरेखीखाली पेपर लिहायचा, अशी आमच्याकडची पद्धत. मुली मांडीवर फळ्या घेऊन बसल्या. थंडीनं रस्ता जागोजागी फुगला होता. पण प्रत्येक उंचवट्याआधी आर्डिस वेग असा काही उतरवायची की पेन हलत नव्हतं. मागे समितीचे लोक चक्क घोरत होते.

मला राहवलं नाही. पुढे वाकून हळूच म्हणालो, "आर्डिस, एखाददुसरा खड्डा लागू दे ना. यांना कळू दे प्रवास कसा असतो ते."

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, मागे पोरगी पेपर लिहितेय."

"तुझी नोकरी जाईल गं."

"तिचा पेपरही जाईल. तुम्ही बसा बघू. आणि कॉपी होतेय का तिकडे लक्ष द्या, आरशात मलाच जास्त दिसतंय."

दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो. वेन्डेल आळस देत उतरला. "काय प्रवास झाला! जरा डोळा लागला तर आलंच," तो बाकीच्यांना म्हणाला. आर्डिसनं ते ऐकलं आणि काच पुसायला घेतली. तिचं कौशल्यच तिच्यावर उलटलं होतं.

सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो. सेंट ऑल्ड्रिकवाल्यांनी भाजलेली टर्की वाढली, तीही मऊ. आकाश निरभ्र, रस्ता कोरडा. दोनला निघालो तेव्हा मी मनातल्या मनात आर्डिसच्या निरोपसमारंभात काय बोलायचं ते जुळवायला लागलो होतो. चार ओळींपुढे सरकत नव्हतो.

सातला दहा मिनिटं कमी असताना तिनं एका छोट्या गावात कॅफेसमोर बस लावली, इंजिन बंद केलं आणि नोंदवहीत वेळ टाकली.

"का थांबलो?" वेन्डेलनं विचारलं.

"दहा तास झाले."

"घर किती लांब आहे?"

"वीस मैल."

"वीस मैल! आर्डिस, वीस!"

"मोजता येतं मला. आता आठ तास मी चाक धरणार नाही."

"कोण बघायला येतंय इथं?"

आर्डिसनं अंगठ्यानं मागे दाखवलं. "चौदा पोरी बघतायत."

"मग मी चालवतो."

"चालव की. बसचा परवाना दाखव."

मागून मुलींचा असा हशा उठला की वेन्डेलचे कान लाल झाले. बिचाऱ्याला सकाळचं बोलणं आठवलं असावं, कारण तो सरळ खाली उतरून कॅफेत फोन शोधायला गेला. कॅफेतल्या फोनपाशी आम्ही ओळीनं उभे राहिलो. आईबापांना, शेजाऱ्यांना, पाद्रीबुवांना फोन झाले. कॅफेच्या मालकिणीनं चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल काढले. मुली रोल चिलीत बुडवून खात होत्या आणि त्या दिवसाची त्यांना सगळ्यात जास्त मजा इथंच आली.

एकेक गाडी येत गेली. एका मुलीचे वडील गाईंचं दूध काढणं अर्धवट टाकून आले होते. गमबूट तसेच. ते वेन्डेलच्या समोरच येऊन बसले. "काय हो संचालक, पुढच्या वर्षीपासून हे दरसाल आहे म्हणे?"

"ठरायचंय अजून," वेन्डेल पुटपुटला.

"नाही, ठरवा. फक्त गाईंना आधी कळवलेलं बरं."

वेन्डेलला न्यायला त्याची बायको सगळ्यांत शेवटी आली. तोवर त्यानं ॲपल पायचे तीन तुकडे खाल्ले होते आणि तो कागदी रुमालावर काहीतरी हिशेब मांडत होता. निघताना मला म्हणाला, "दोन ड्रायव्हर घेतले तरी पोरी दहा तास वीस मिनिटं बसमध्येच ना? आणि दिवसभराचे वर्ग बुडणार. हे मी मे महिन्यात का नाही बघितलं?"

"हिरवळ फार छान होती," मी म्हणालो. मिटिंगबाहेर मला कधीकधी सुचतं.

आर्डिस कॅफेवालीच्या मागच्या खोलीत झोपली आणि पहाटे रिकामी बस घेऊन घरी आली.

पुढच्या आठवड्यात वेन्डेलनं स्वतःच केटलरचं नाव सुचवलं. चार विरुद्ध एक मतांनी ते मंजूर झालं. विरोधातलं मत माझं नव्हतं. बातमी सांगायला मी गॅरेजकडे धावत गेलो. म्हणजे माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. आर्डिस बसच्या चाकाजवळ बसून हवा तपासत होती. ती उठली, हात पुसले, आणि बराच वेळ तेच हात पुसत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "केटलरच्या फाटकाशी ती दगडी कुंडी आहे ना, ती आडवी येते. माझी बस वळायची नाही तिथं."

रविवारी ती स्वतःची गाडी घेऊन, मोजायची फीत घेऊन केटलरला गेली. मला बरोबर नेलं, फितीचं दुसरं टोक धरायला. कुंडी हलवायला चारजण लागले. त्यातले एक कोट काढून ठेवलेले केटलरचे अध्यक्ष होते. आर्डिस बर्फात उभी राहून हात हलवत होती.

"अजून एक फूट. अजून. अहो अध्यक्ष, ढकला की, नुसता हात काय लावताय!"