सातव्या विहिरीतून आलेली हाक

मानवी बुद्धीच्या पलीकडे काही शक्ती आहेत, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. त्यांतली एक माझी सख्खी आत्ती होती. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. बाकी भूत, भानामती, करणी यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी शाळेत शास्त्र शिकवायचो आणि घरी जाताना स्मशानातली वाट जवळची म्हणून तिथूनच जायचो. आजही जातो... म्हणजे अजून स्वतःच्या पायांनी जातो.

गाव रहिमतपूरपासून दोन कोसांवर. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि फौजेतली पोरं बोटींनी परत येत होती. आत्तीचा एकुलता एक लेक सदा तिकडे इराकात, बसऱ्याला होता. त्याचं पत्र आलं होतं — 'आये, सुट्टी मंजूर झाली. या पंधरवड्यात येतो.' ते पत्र मी तिला इतक्यांदा वाचून दाखवलं की शेवटी शेवटी कागद न बघताच वाचत होतो.

अशात सोमवारी सकाळी तिला कुत्री चावली. रोज दारात भाकरीला येणारी, पिवळी, बेवारशी. त्या दिवशी तिने भाकरी सोडली आणि आत्तीचं मनगट धरलं. तोंडातून लाळ गळत होती. संध्याकाळी ती उसाच्या बांधावर मरून पडलेली सापडली.

सकाळी मी पोचेपर्यंत शेजारणींनी जखमेत तिखट भरलं होतं. मी हात साबणाने धुवायला घेतला आणि रांजण रिकामा होईतो पाणी ओतत राहिलो. तोवर आत्ती माझ्या सात पिढ्या उद्धरत होती. त्या तिच्याही होत्या, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"आत्ती, आत्ताच्या मोटारीनं साताऱ्याला चल. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. रोज एक."

"चौदा दिस? आन् माझं लेकरू लढाईतनं येऊन कुलूप बघंल व्हय रं?"

"आणि तू कायमचीच गेलीस तर काय बघंल?"

"तोंड धू जा, मास्तर."

कुत्रं पिसाळलेलं असेल आणि एकदा माणसाला पाण्याची भीती सुरू झाली, की कुठलाही डॉक्टर हात टेकतो. उपाय काय तो त्याआधीच. हे मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलंही होतं. पण लेक दारात येईपर्यंत टिकलो की बास, एवढंच तिच्या मनात होतं. मंगळवार गेला. बुधवार गेला. मला झोप नव्हती. ती मात्र सदासाठी शेवया वळत होती.

मग तात्या पाटील आले. त्यांच्याकडे चांदीच्या मुठीची काठी होती आणि प्रत्येक विषयावर मत होतं.

"सात हिरी दाखवा तिला," त्यांनी हुकूम सोडला. रीत अशी — उपाशीपोटी सात विहिरींत डोकवायचं, प्रत्येकीत स्वतःच्या नावाने हाक मारायची. पाण्यात आपलं तोंड दिसलं की विष उतरलं. कुत्र्याचं दिसलं तर... इथे तात्यांनी नुसतीच काठी आपटली.

गुरुवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे तात्या, त्यांच्या मागे आत्ती आणि शेवटी मी — ती आत पडू नये म्हणून पदर धरायला. विहिरी निवडण्यातच तासभर गेला. तीन विहिरी भावकीच्या भांडणामुळे बाद झाल्या. "शेवटली माझीच पायजे," तात्या म्हणाले. त्यांनी तिच्या काठावर दगडात स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं.

सहा विहिरींत आत्तीने "गंगूऽऽ" म्हटलं. सहाही विहिरींनी "गंगूऽऽ" परत केलं. सातवीवर हलगी थांबली. आत्ती वाकली, ओरडली — "गंगूऽऽ!"

आणि खालून आवाज आला — "आये!"

तात्यांच्या हातातली काठी सुटून थेट पाण्यात गेली. मी पायऱ्यांनी खाली उतरलो. कपारी पाहिल्या, मोटेचा दोर हलवून पाहिला. एक बेडूक होता, तोही गप्प. वर रानात चारी दिशांना चिटपाखरू नव्हतं.

"सदा हाय त्यो," आत्ती म्हणाली. "म्हनला, आये, सुई घे."

मी ऐकलं ते फक्त 'आये'. पुढचं तिने एकटीने ऐकलं.

"आवं गंगूबाई, पर पान्यात तोंड कुनाचं दिसलं?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्या काठीनं पानी ढवळलं, काय डोंबल दिसतंय!" मग माझ्याकडे वळून, "कवाची मोटार हाय रं?"

दुपारी आम्ही साताऱ्याच्या दवाखान्यात होतो. तीन दिवस उशीर केल्याबद्दल डॉक्टरांनी मलाच झापलं. जखम कोणी धुतली ते विचारलं आणि म्हणाले, "तेवढं एक शहाणपणाचं केलंत." आत्ती रोज सुई घ्यायची आणि रोज डॉक्टरांना नवी शिवी द्यायची. आजूबाजूचे पेशंट त्या वेळेची वाट बघायला लागले.

सहाव्या सुईच्या दिवशी दारात पत्र्याची ट्रंक आदळली. "आये!"

अगदी तोच आवाज. आत्ती पोट धरून धावली. घरचं कुलूप पाहून सदा तसाच पुढच्या मोटारीत बसला होता. पुढच्या आठ सुया तिने हूं की चूं न करता घेतल्या, कारण फौजी लेक बघत होता. डॉक्टरांना काळजी वाटली. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना बरं वाटत नाही का?"

आत्ती पुढे नातवंडं खेळवून गेली. तिला वाचवलं ते साबणाने आणि सुयांनी, याबद्दल मला शंका नाही. पण तिला मोटारीत कोणी बसवलं? मला ते जमलं नव्हतं. प्रतिध्वनी म्हणावा, तर 'गंगू'चं 'आये' कसं झालं? भास म्हणावा, तर तात्यांची काठी का सुटली? वाचकहो, इतकी वर्षं डोकं खाजवलं, उत्तर नाही.

दवाखान्यातच मी सदाला विचारलं होतं, गुरुवारी सकाळी तू कुठे होतास. बोटीवर, तो म्हणाला. "आईची आठवण झाली होती का रे? काही बोलला होतास?"

सदाने नीट आठवून पाहिलं.

"मला बोट लागली हुती, दादा. सकाळपास्नं बादलीत तोंड घालून ओकत हुतो. 'आये' म्हनलो आसंन. समदी बोटच म्हनत हुती."