'पुढे'चं बटण

माझी सून काय काम करते ते मी चारचौघींत सांगितलं की त्यांना वाटतं, म्हातारी बाता मारतेय. नवी वेबसाइट उघडली की स्क्रीन काळवंडते आणि 'इथे दाबा, आता पुढे चला' म्हणत बोट धरून नेणारी चौकट येते ना? ती चौकट आमची सून सजवते. रंग, कोपरे, बाण, सगळं. त्या लिहिण्याला सीएसएस म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिची एक रीत ठाऊक आहे. प्रत्येक चौकट ती आधी माझ्या फोनवर बघते. मला मोतीबिंदू, म्हणून अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत. "आई, तुम्हाला बटण दिसलं की मी निर्धास्त," म्हणते.

डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट तिने अशीच पाहिली होती. मजकूर वाढला की चौकटही वाढावी, अशी ओळ लिहिली होती. पण तिच्या साहेबाने नंतर ती काढून टाकली. का, तर सगळ्या चौकटी एका उंचीच्या हव्यात, देखण्या दिसतात! "अक्षरं मोठी असली तर खालचं बटण कापलं जाईल," ती म्हणाली. "एवढी मोठी अक्षरं वापरतं कोण?" म्हणाला. हे मला मागाहून कळलं.

ऑपरेशनच्या तारखा त्याच वेबसाइटवर सोमवारी सकाळी नऊला मिळणार होत्या. लेकीची मुलगी चार महिन्यांची झाली, तिचा चेहरा मी अजून धड पाहिलेला नाही. सून कामावर गेलेली. म्हटलं, घरच्याच पोरीने केलेली चौकट, मला कोण अडवणार! चौकट आली, पण 'पुढे'चं बटणच नाही. बंद करायची फुली इतकी फिकट की दिसेचना. मी दाबतेय, दाबतेय, आणि तारखा संपल्या. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. रडूच आलं हो.

संध्याकाळी सुनेने फोन बघितला आणि तिचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती थेट साहेबासमोर उभी राहिली.

साहेब हसून म्हणाला, "आजी, अक्षरं लहान करा ना, सगळं दिसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे शहाण्या, लहान अक्षरं दिसत असती तर डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला गेले असते मी?"

सुनेने त्याच्यादेखत ती ओळ परत घातली.

माझी तारीख मात्र चार महिन्यांनंतरची मिळाली. तोवर नातीला दात येतील, आणि ते मला बोट लावूनच कळतील.