नजरेस पडता नये

सौदीत अल-खोबरला माझी मुलगी झाली ती दोन हजार चार-पाचच्या सुमारास. व्हिजिट व्हिसावर सासूबाई चिपळूणहून खास माझ्या बाळंतपणासाठी आल्या होत्या, डिंक आणि अळीव घेऊन. इस्पितळात प्रसूतीच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नसत, म्हणून नवरा खाली ताटकळत बसलेला. वर मी, बाळ आणि त्या. सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारी माणसं मला तेव्हापासून डोळ्यांसमोर नकोत.

मल्याळी नर्सने बजावून सांगितलं होतं, "पॅड फेंकना नहीं. मुझे दिखाना." तिची पाठ वळताच सासूबाईंनी नाक मुरडलं.

"दाखवायचं काय त्यात? लाज नाय, शरम नाय. बाळंतिणीचं असलं कुणाच्या नजरेस पडता नये."

पॅड भरलं की त्या स्वतःच बदलायच्या. काळ्या पिशवीत गुंडाळून, पदराखाली धरून कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून यायच्या. मला पुसायच्या, चादर नीट करायच्या. नर्सने येऊन पांघरूण उचललं तर तिला कोरं, स्वच्छ पॅड दिसायचं. "सब ठीक है," सासूबाई हसून सांगायच्या.

"आई, फार जातंय हो," मी म्हटलं.

"जाऊ दे गो. घाण ती, आत राह्यली तर बाधेल. मला काय पोरं झाली नाय?"

तोंडाला कोरड पडली. शेजारच्या पाळण्यातलं रडणं लांबून यावं तसं ऐकू यायला लागलं. मुलीला जवळ घ्यावं म्हटलं, तर हात उचलेना. "आजकालच्या पोरी नाजूक," सासूबाई म्हणाल्या. खरं सांगते, त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवढं त्राण असतं तर दिलीही असती.

ब्लड प्रेशर बघायला नर्स आली आणि यंत्राकडे पाहून तिचा चेहरा उतरला. तिने पोट दाबलं तशा रक्ताच्या गाठीच बाहेर आल्या. "बाकी के पॅड कहाँ हैं?" ती ओरडली. सासूबाईंनी कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं. मग स्ट्रेचर, डॉक्टरांची धावपळ, नवऱ्याची सही. त्याच्या साइटवरचे फिटर, वेल्डर कामगारांच्या कॅम्पातून रक्त द्यायला आले. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळायला हवं ते आवळलंच नव्हतं. औषधांनाही दाद देईना. शेवटी काढून टाकलं. आधी कळलं असतं तर कदाचित राखता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला अजून एक मूल हवं होतं. फार हवं होतं.

घरी आल्यावर बाळ बघायला बिल्डिंगमधल्या बायका यायच्या. सासूबाई त्यांना सांगायच्या, "हिचं सगळं मी माझ्या हातांनी केलं. नर्सवर काय सोडलं नाय." बायका माझ्याकडे वळून म्हणायच्या, नशीब काढलंस हो. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

नवरा आजही म्हणतो, "आईच्या मनात वाईट नव्हतं गं."

तेच तर. तिच्या मनात वाईट असतं, तर पहिल्या पिशवीलाच मी नर्सला हाक मारली असती.