सव्वा मूठ गहू

मी विज्ञान शिकवते. नरडाण्याजवळच्या एका शाळेत, एकोणीस वर्षं. करणी, बाहेरची बाधा, अंगात येणं असलं काही कोणी स्टाफरूममध्ये काढलं की त्याची यथेच्छ टिंगल करणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण दोन वर्षं झाली, आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या ह्यांचं दोंडाईच्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे. एका कंपनीचं टारगेट पूर्ण केलं म्हणून आम्हा दोघांना बालीची टूर मिळाली. पाच दिवस समुद्र, शहाळी आणि ह्यांचे दोनशे सेल्फी. परतीचं विमान रात्रीचं होतं आणि जास्त माल उचललेल्या डीलरांना चक्क प्रीमियम इकॉनॉमी! ह्यांनी पाय टेकायची पट्टी इतक्यांदा वरखाली केली की मी म्हटलं, "अहो, मोडाल ती. मग भरून द्यावी लागेल." खिडकीशी हे, वाटेच्या बाजूला मी. आजूबाजूला बहुतेक आपल्याकडचेच डीलर आणि त्यांच्या बायका — भुसावळ, शिरपूर, चोपडा.

एकच रुखरुख होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या घरी कानबाई बसणार होती. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते — श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. पहाटे धुतलेल्या चक्कीवर ते दळून आणतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. माझे सासरे, आबा, वारले म्हणून आदल्या वर्षी आम्ही कानबाई बसवली नव्हती. त्यामुळे सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "रविवारले घर पाहिजेत तुम्ही. मी सांगी ठेवस."

जेवण झालं, दिवे मालवले. हे पाच मिनिटांत घोरायला लागले. लग्नापासून ऐकतेय, मला त्याच आवाजात झोप लागते.

जाग आली ती गारठ्याने. घड्याळ मी बालीच्या वेळेला लावलंच नव्हतं, त्यात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. पुढच्या पडद्यापाशी एक बाई उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर. मला वाटलं, कोणाची तरी सासू असेल. मग आठवलं, आमच्या ग्रुपमध्ये नऊवारीतलं कोणीच नव्हतं.

ती एकेका रांगेशी थांबत होती. पुरुष असेल तर त्याच्या डोक्यावर बंद मूठ धरायची आणि सोडायची. मुठीतून काही पडताना दिसत नव्हतं, पण आवाज यायचा... सुपात गहू पडल्याचा. बायकांना सोडून ती पुढे सरकायची. मला ओरडायचं होतं. जीभ उचलली जाईना. मी स्वतःला सांगत होते, स्वप्न आहे, मेंदू जागा आणि शरीर झोपेत असं होतं, मुलांना मीच शिकवलंय.

ती आमच्या रांगेशी आली. माझ्यावरून वाकून तिने ह्यांच्या डोक्यावर मूठ धरली. पदराखाली चेहरा असायला हवा होता तिथे मला काही दिसलं नाही. तिने मूठ उघडली.

आवाज आला नाही.

तो रिकामा तळहात तिने माझ्याकडे वळवला. दाखवला मला. आणि तशीच उभी राहिली.

तेव्हा लक्षात आलं की घोरणं थांबलंय.

मी ह्यांना हलवलं. मान एका बाजूला कलंडली. हात गार, ओठ काळेनिळे. नाडी बघायला मी शिकलेय — नव्हती! आता मात्र माझा आवाज फुटला. एअर होस्टेस धावत आली, ती त्या बाईच्या मधूनच आली... तिला काहीच जाणवलं नाही. पाठोपाठ भुसावळचे एक डीलर उठले, त्यांनी ह्यांना खाली घेऊन छाती दाबायला सुरुवात केली. ऑक्सिजन आणला. कोणी डॉक्टर आहे का, म्हणून पुकारा झाला. मी नुसती "अहो, अहो" करत होते. आणि ती बाई हात पुढे करून माझ्याकडेच वळून उभी होती. मी हात जोडले. काय हवं ते घे, पण ह्यांना सोड, असं मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांसमोर.

मग माझ्या कानाशी गहू पडले. अगदी स्पष्ट.

ह्यांनी दचकून श्वास घेतला. चार पंचवीस झाले होते. डोळे उघडून म्हणतात, "काय व्हयनं? का बरं रडी राहिनी तू?" वाटेत ती बाई नव्हती.

मुंबईला उतरल्यावर फोन सुरू केला तर अक्कांचे, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचे, नऊ मिसकॉल. ह्यांना त्या भाऊ म्हणतात. मी काही बोलायच्या आतच त्या रडत म्हणाल्या, "पहिले सांग, भाऊ कसा शेतस?"

झालं होतं असं. पहाटे चारला अक्का गहू मोजायला बसल्या. आबा गेल्यावर घरात पुरुष राहिले सहा. सहा मुठी मोजायच्या हे त्यांच्या पक्कं डोक्यात होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने पहिलं नाव निघालं ते आबांचं! मग थोरले दीर, मुलं, पुतणे... सहा आकडा भरला, त्यांनी सूप उचललं. शेवटचं नाव ह्यांचं असतं, परगावी असलेल्याचं शेवटी घेतात म्हणून. ते राहिलं. मेलेल्या माणसाच्या नावाने मूठ पडली आणि जिवंत माणूस बाहेर.

चक्कीवर निघताना सासूबाईंनी सहज विचारलं, "कोनं कोनं नाव लिधं वं?" अक्कांनी नावं सांगितली आणि सासूबाईंनी त्यांच्या हातातलं सूप ओढून घेतलं. "माय वं, मन्हा धाकला राही गया!" ते सगळे गहू बाजूला काढून त्यांनी नव्याने मोजले, आणि पहिली मूठ ह्यांच्या नावाची टाकली. किती वाजले होते, मी विचारलं. दूधवाला नुकताच येऊन गेला होता, म्हणजे चार-वीस, चार-पंचवीस.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत. झोपेत श्वास अडकत असेल, वजन कमी करा म्हणाले. असेलही. मी तेच स्वतःला सांगते. पण ती मूठ चुकल्याचं मला फोनपर्यंत माहीत नव्हतं, आणि तो रिकामा हात मी त्याआधीच पाहिला होता.

गेल्या श्रावणापासून गहू मी मोजते. नाव घेतलं की ज्याचं त्याने ओसरीतून मोठ्याने "शे" म्हणायचं, म्हणजे मी आहे, असं आम्ही ठरवलं. पाच जणांनी म्हटलं. मग मी ह्यांचं नाव घेतलं. ओसरीतून काही आवाज आला नाही. मूठ सुपावर तशीच धरून मी पुन्हा हाक मारली.

"शे ना वं," हे नळावरून ओरडले, "तोंड धुई राहिनू."

मी मूठ टाकली आणि तिथेच सुपावर वाकून रडले. अजूनही रात्री ह्यांचं घोरणं थांबलं की मी उठून बसते, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत पलंगाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायची माझी हिंमत होत नाही.