उपाशी गोधडी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस, सकाळी अकरा. रक्कम सात हजार दोनशे, उचल म्हणून. हजर होतो चौघं: सुरतेचा व्यापारी, मी, माझी पत्नी आणि सणाला माहेरी आलेली मुलगी. मुलीला पाचवा महिना. चोवीस गोधड्या, नगाला नऊशे, दिवाळीपर्यंत. पत्नी त्याच आठवड्यात नातवंडाची गोधडी धरणार होती. मी म्हणालो, आधी ऑर्डर. तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

तोवर ती कुणी न सांगता शिवायची. रनाळ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की जुनी लुगडी काढून बसायची. एका गोधडीला महिना लागे. शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा इवलासा तुकडा ठेवायची. गोधडी उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं तिची आई सांगायची. शिवताना ती गुणगुणायची. मी पतसंस्थेत पंचवीस वर्षं आकडे लिहिलेला माणूस. मला त्यात एवढंच दिसलं: महिनाभराचं काम, मोबदला शून्य.

मी भिंतीवर तक्ता लावला. सात दिवसांत एक. संध्याकाळी टाक्यांच्या ओळी मोजायचो. जास्त भरल्या तर शाबासकी. कमी भरल्या तर न बोलता आकडा लिहायचो. व्यापारी फोनवर म्हणाला, भाकरीला मुंग्या लागतात, ते बंद करा. मी तिला तसं सांगितलं.

"उपाशी गोधडी कोनले देऊ?"

"गिऱ्हाईकले," मी म्हणालो.

गुणगुणणं कोणत्या दिवशी थांबलं, त्याची तक्त्यात नोंद नाही. शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, वहिनीना हसाना बी भाव ठरना का?" हसण्याचाही भाव? मी हसलो.

पाचव्या गोधडीनंतर पत्नी सुई धरून नुसती बसायला लागली. जेवण अर्ध्यावर आलं. मला वाटलं, दर कमी पडतो. व्यापाऱ्याशी घासाघीस करून नऊशेचे हजार करून घेतले आणि मोठ्या उमेदीने तिला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून रडली. "मन्हा हात नही चालत."

डॉक्टर म्हणाले, हातात दोष नाही.

मी तक्ता फाडला. उरलेल्या राहू दे, नातवंडाची तेवढी कर, म्हणालो. तिच्या आईचं लुगडं रोज सकाळी तिच्यापुढे ठेवायचो. रोज संध्याकाळी घडी तशीच. शेवटी हात जोडले.

"ती बी तुम्ही मोजशात," ती म्हणाली.

मोजणार नाही, म्हणालो. पण तिने कशावर विश्वास ठेवायचा?

भाद्रपदात चिंचपाड्याच्या दवाखान्यात मुलीला मुलगा झाला. त्याच आठवड्यात व्यापारी सुरतेहून नवापूरला आला होता; तिथे जाऊन त्याला सगळे सात हजार दोनशे परत केले आणि त्याच्याकडे पोचवलेल्या पाची गोधड्या घरी आणल्या. वाटलं होतं, ती त्यांचे कोपरे उसवेल, तुकडे ठेवेल, तेवढ्याने तरी हात सुटेल. तिने त्या खाटेखाली सरकवल्या.

बारशाच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "आप्पा, मायले आते काही म्हनू नका."

मी बाजारात गेलो. बाळाची एक गोधडी घेतली. हाताची आहे, असं दुकानदार म्हणाला. त्याला साडेचारशे रुपये रोख दिले. भाव केला नाही.