साहेब हळू चालले तेव्हा

श्वानप्रदर्शनाच्या रिंगणात मामा उतरले, की पाहणाऱ्याला मामा दिसत नसत, कुत्राच दिसे. हीच त्यांची कला. कुत्री दुसऱ्यांची, पट्टा मामांच्या हाती. मालक कडेला खुर्चीत बसत आणि मामा त्यांचे कुत्रे परीक्षकांपुढे उभे करीत, पळवीत, जिंकवीत. भाचीने लहानपणी मामा म्हटले आणि अख्खे मैदान मामा म्हणू लागले. पायांत रबरी तळव्यांचे बूट, खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे, आणि मनात प्रत्येक जनावराची लय. कोणते कुत्रे कोणत्या वेगाने देखणे दिसते, हे पट्टा हातात येताच त्यांना उमगे. केवढे हे देवाचे देणे! आणि ते त्यांनी कशासाठी वापरले, ते आता ऐका.

मामांचा सर्वांत लाडका होता एक जर्मन शेफर्ड. ऐट अशी, की सारे त्याला साहेब म्हणत आणि अहो-जाहो करीत. साहेब ऐन तारुण्यात असतानाच मामांनी हेरले, की हळू चालताना त्यांचा मागचा डावा पाय किंचित आखडतो. खुब्याचा सांधा जन्मतःच सैल. रक्तातून पिल्लांत उतरणारा दोष. पण पट्टा मानेशी आवळून धरला, एका नेमक्या वेगाने पळवले, की तो दोष दिसेनासा होई. मामांनी तो वेग शोधला आणि तोंड मिटले. साहेब जिंकले. जिंकतच गेले. साहेबांच्या मालकीणबाईंच्या कपाटात चषक मावेनात, साहेबांच्या पिल्लांना लोक रांगा लावीत. त्यांतले एक पिल्लू मामांनी हौसेने भाचीला दिले. पिल्लाची आई धडधाकट आहे, उतरणार नाही दोष, अशी मनाची समजूत घातली.

पिल्लू वाढले. एके सकाळी मामा भाचीकडे गेले, तर ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले.

"ऊठ रे ऐतोबा!" भाची हसत होती. "मामा, हा अगदी तुमच्यावर गेलाय. जिना दिसला की बसकण मारतो."

मामा पायरीवर टेकले. पिल्लाच्या खुब्यावर त्यांनी हात ठेवला. पिल्लू कण्हले नाही. त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकून राहिले.

"तोंड का असं झालं तुमचं?"

"काही नाही गं. उचलून नेत जा त्याला."

"अहो, घोडा झालाय तो! किती दिवस उचलू?"

या प्रश्नाचे उत्तर मामांना ठाऊक होते. म्हणूनच ते घाईने जिना उतरले.

पुढच्या प्रदर्शनात मालकीणबाई हरखून म्हणाल्या, "आज जिंकलं ना मामा, की दोन माद्या ठरल्यात साहेबांसाठी. सगळ्या पिल्लांची आत्ताच मागणी आहे!"

तिथेच सांगायचे होते. जीभ रेटेना. मामा रिंगणात उतरले. पहिली फेरी नेहमीच्याच वेगाने झाली, टाळ्या पडल्या, परीक्षक बाईंनी समाधानाने मान हलवली. दुसऱ्या फेरीला मामांनी पट्टा सैल सोडला आणि ते चालू लागले. साधे, हळू.

"मामा! अहो, झोपलात का? पळवा त्यांना!" मालकीणबाई खुर्चीतून ओरडल्या.

"मामा थकले वाटतं," कोणीतरी हसले.

मामा चालत राहिले. साहेबांचा पाय आखडला. पुन्हा आखडला. मैदानावरचे हसू विरले.

"थांबा." परीक्षक बाई जवळ आल्या, खुबा चाचपून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे आजचं दुखणं नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"हो, मॅडम. पहिल्यापासून."

"आणि तरी पळवत राहिलात?"

मामांची मान खाली गेली. खाली साहेब होते. कान टवकारून, मामांच्या खिशाकडे पाहत, फेरीनंतरच्या तुकड्याची वाट बघत. परमेश्वरा, त्या डोळ्यांत तू काय भरून ठेवले आहेस! ना रुसवा, ना तक्रार, ना हिशेब. ज्या हाताने दुखत्या पायाला पळवले, त्याच हाताकडे ते आशेने पाहत होते. मामांनी तुकडा दिला. साहेबांनी तळवा चाटून स्वच्छ केला. शंभर माणसांचे शिव्याशाप परवडले असते, ती जीभ सोसवेना.

मालकीणबाई साहेबांना तिथेच सोडून, पाठ फिरवून निघून गेल्या होत्या. फाटकाशी प्रदर्शन पाहायला आलेली भाची उभी होती.

"त्या दिवशी जिन्यावर... तुम्हाला कळलं होतं ना, मामा?"

परीक्षकांपुढे निघालेला 'हो' इथे निघाला नाही.  भाचीने त्यांच्या हातातून पट्टा घेतला.

"चला साहेब. तुमच्या तुमच्या पायानं चला."

साहेब चार पावले गेले, थांबले आणि वळून मामांकडे पाहू लागले. मामा बुटांची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती.